उलटं झाकण

"आज तरी तुम्ही बाहेर बसा," स्वरूपा म्हणाली. "आज बाबांचं वर्षश्राद्ध आहे. तुमचं रिसर्च नाही."

विक्रांत ओट्याजवळच्या स्टुलावरून निमूट उठला. आई आमटी ढवळत राहिली.

गणपतीनंतर हा मुलगा दर शनिवारी करोल बागेतल्या घरी येऊन बसू लागला होता. मूळचा पुण्याचा, गुडगावच्या कुठल्याशा कंपनीत कामाला. पहाडगंजच्या गणपतीत त्याची आईशी ओळख झाली. कंपनीनं म्हणे सांगितलं होतं, आपल्याला मुळीच ठाऊक नसलेल्या आयुष्यात जाऊन बसा, नवं प्रॉडक्ट तिथंच सुचेल. आणि या पठ्ठ्याला सापडलं कोणाचं स्वयंपाकघर, तर एकट्या राहणाऱ्या, फ्लॅट नावावर असलेल्या बाईचं! स्वरूपा नोएडाहून आली की आधी कागदपत्रांचं कपाट बघे. कुलूप जागच्या जागी असे. तिचा संशय त्यानं उलट वाढायचा. नुसत्या आमटीसाठी कोण एवढं लांब येतं?

"त्याला हवंय काय, आई?"

"बघत बसतो."

"काय बघतो?"

"मी कशी करते ते. तू कुठे कधी बघितलंस?"

बाहेरून गुरुजींनी हाक मारली तशी आई दर्भ द्यायला गेली. दाराशी विक्रांतचा दबका आवाज आला, "काकू, मी येऊ का आत?" आणि आईचा, "नको रे, आज राहू दे."

कसली ही कुजबुज? स्वरूपानं रागारागानं ओटा पुसला. आमटीच्या पातेल्यावरचं झाकण उलटं पडलं होतं. इतक्या टापटिपीच्या बाईचं हे असं! तिनं ते सरळ करून ठेवलं.

आई परतली. झाकणाकडे बघत क्षणभर थांबली, मग ते उचलून तिनं आमटीत मीठ घातलं. पितरांचं पान वाढेपर्यंत कोणी काही चाखायचं नव्हतं.

पंगतीत पहिला घास राजीवकाकांनी घेतला. बाबांचे धाकटे भाऊ. एरवी वहिनींच्या स्वयंपाकाची थट्टा केल्याशिवाय न जेवणारे. आज ते एवढंच म्हणाले, "भात वाढ गं स्वरूपा. चांगला डोंगर कर."

आईनं आमटीत बोट बुडवून चाखलं. तिचा चेहरा उतरला. तिनं पाहिलं ते विक्रांतकडे.

"काकू, झाकण?"

"उलटं केलं होतं रे. नक्की केलं होतं."

"मी सरळ केलं," स्वरूपा म्हणाली. "कसंतरीच दिसत होतं."

"अच्छा," आईनं श्वास सोडला. "म्हणजे मी नाही विसरले."

स्वरूपाच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला.

जेवणानंतर तिनं विक्रांतला गॅलरीत गाठलं.

"मीठ घातलं की काकू झाकण उलटं करतात," तो म्हणाला. "एरवी चाखलं की कळतं. नैवेद्याच्या दिवशी तेही नाही. ते बघूनच मला सुचलं. झाकण, दोन बाजूंना दोन रंग..."

"म्हणजे माझी आई विसरते, ते तुम्ही विकणार."

"काकू नको म्हणाल्या तर नाही विकणार."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्याच शनिवारपासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"शपथ घातली होती त्यांनी. पोरीला कळलं तर ती मला इथे राहू देणार नाही, म्हणाल्या."

तो खरं बोलत होता. तिला ते पटलं, आणि त्यामुळेच तो तिला अधिक नकोसा झाला.

संध्याकाळी सगळे गेले. राजीवकाका निघताना आईला वाकून नमस्कार करायला विसरले नाहीत. विक्रांतनं नुसते हात जोडले. दार लागल्यावर घर एकदम मोठं झालं.

स्वरूपा आत आली तेव्हा आई गॅसपाशी पाठमोरी उभी होती. तापवलेलं दूध पातेल्यात निवत होतं, शेजारी वाटीत चमचाभर दही होतं. या घरात काय करायचं आणि काय नाही, हे आईनं आजवर कधी कोणाला विचारलं नव्हतं. बाबांनाही नाही.

"स्वरूपा," ती मागे न वळता म्हणाली, "उद्यासाठी विरजण लावू ना?"

‘ती मला इथे राहू देणार नाही’, विक्रांतनं सांगितलेलं स्वरूपाला आठवलं. आई दुधात करंगळी बुडवून वाट बघत राहिली.