मास्तरांच्या नावाच्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी तार आहे, कागद टोचून ठेवायची. बाळापूरच्या लोहाराने मला टोक काढले आणि अकोल्याजवळच्या एका गावच्या पोस्टात मला खुंटीला अडकवले. गावात फोन तेवढा एकच. कोणी बाहेरगावी फोन लावला की पोस्टमास्तर शेषराव त्याचे नाव आणि कुठे लावला ते चिठ्ठीवर लिहीत आणि ती माझ्यात टोचत. काही महिन्यांनी जुन्या चिठ्ठ्या जाळत.

फोन लावायला बायका बुजत. मग शाळेचे धर्मपाल मास्तर पुढे होत, फोन लावून देत आणि बाजूला सरत. शेषराव चिठ्ठीवर मास्तरांचेच नाव लिहीत. कोणालाच त्यात वावगे वाटले नाही.

पासष्टची लढाई लागली. हुकूम आला, चिठ्ठ्या जाळू नका, पोलिसांना लागतील. मग जमादार खुशालराव आले. माझ्यावरून चिठ्ठ्या ओरबाडत ते तिथेच असलेल्या धर्मपाल मास्तरांवर ओरडले, "दर रविवारी कामठीची छावणी! फौजेच्या खबरा काढून राहिला काय बे?"

मास्तरांना चौकीत कोंडले. शाळेने त्यांच्या जागी दुसरा माणूस शोधायला घेतला.

दर रविवारी मास्तरांकडून फोन लावून घेणारी तानुबाई पोस्टात येऊन जमादारावर तुटून पडली. "माह्या पोराशी, देवमनशी मी बोलत होती! शिपाई हाय थो छावणीत."

"चिठ्ठीवर तुह्यं नाव कुठी हाय?"

"मंग चिठ्ठीलेच इचार, माह्या पोराले खोकला कवापासून हाय थे! तुले माय नाई का रे?"

जमादाराने चिडून छावणीला फोन लावला. तिकडून देवमनच बोलला, आणि मास्तर सुटले. माफी कोणी मागितली नाही.

पुढच्या रविवारी मास्तर पोस्टकार्ड घ्यायला आले, तेव्हा तानुबाई म्हणाली, "भाऊ, फोन लावून दे नं."

मास्तरांनी हात जोडले. "नको, मावशे. आता तूच तुह्यं नाव सांग."

शेषरावांनी पेन्सिल उचलली. तानुबाईने माझ्याकडे पाहिले. "माह्यं नाव नाई टोचू देत मी इच्यात," असे म्हणून ती तडक निघून गेली. पुन्हा ती आली नाही.

मित्रांनो, मला गंज चढला, त्याचे दुःख नाही. उद्या तुम्ही साहेब झालात आणि कोण कोणाशी बोलले हे टोचून ठेवू लागलात, तर कोणाला कोंडण्याआधी समोर बसवून विचारा. काम संपले की चिठ्ठी फाडून टाका. नाहीतर आया आपल्या मुलांशी बोलायच्या थांबतात.