डाव्या बटणाची पाचर

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या डब्याचं झाकण कदाचित मीच दाबून काढलेलं असेल. पत्र्याच्या कारखान्यातला मी एक जुना प्रेस. ओतीव लोखंडाचं अंग, बाजूला जड चाक आणि पोटात साचा. साच्यावर पत्रा ठेवायचा, बटणं दाबायची, की मी वरून खाली येतो. मला एवढंच येतं. एकदा निघालो की मधेच थांबणं माझ्या हातात नाही.

मला घडवणारा कारागीर शहाणा होता. त्याने मला दोन बटणं दिली, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय मी जागचा हलायचो नाही. म्हणजे मी खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर, साच्याच्या बाहेर. असाच मी वर्षानुवर्षं राबलो. मुकादम नव्या माणसांना सांगायचा, "हे मशीन म्हणजे गरीब गाय." ते ऐकून मला बरं वाटायचं.

मग माझ्यावर कामाला दोघी बहिणींतली थोरली आली. धाकटी शेजारच्या बाकावर झाकणांच्या कडा घासायची. थोरलीचा हात भारी चपळ, पण धीर म्हणाल तर औषधालाही नाही. एके दिवशी तिने डावं बटण दाबून धरलं आणि त्याच्या फटीत लाकडाची पाचर ठोकली. आता एकटं उजवं बटण पुरे, डावा हात पत्रा सरकवायला मोकळा. काम भराभर उरकू लागलं. मुकादमाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून पुढे गेला. मी जिवाच्या आकांताने खडखडलो. थोरली म्हणाली, "तेल मागतंय वाटतं." आणि तेलही दिलं नाही.

एकदा थोरलीच्या पाठीत उसण भरली, म्हणून तिच्या जागी धाकटी बसली. पत्रा तिरका पडला. तो सरळ करायला तिचा डावा हात आत गेला आणि घाईघाईत उजवा बटणावर पडला. मी खाली आलो. मित्रांनो, मला यायचं नव्हतं. पण 'नको' म्हणायची सोयच माझ्यात नाही. तिची तीन बोटं गेली.

सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. कोणी नशिबाला बोल लावला. थोरली तर सर्वांत मोठ्याने म्हणाली, "मशीनच अवलक्षणी." मग मला फडक्याने पुसून पुन्हा सुरू केलं. पाचर तशीच राहिली.

आज धाकटी आली, हाताला पट्टी बांधून. थोरली माझ्यासमोर स्टुलावर बसली होती.

"ताई, ही पाचर कोणी ठोकली?"

"अगं, सगळेच ठोकतात. मुकादमालाही माहीत आहे. आणि हे मेलं मशीनच तसलं."

"मी सगळ्यांचं विचारत नाहीये."

थोरली पत्र्यांची चळत उगाचच नीट करत राहिली.

"पाचर मलाही दिसत होती," धाकटी म्हणाली. "काढावी असं मनात आलं होतं. पण तू चिडशील म्हणून तशीच बसले. तेवढं माझं चुकलं. ते मी घेतलंय, ताई. तुझ्या वाटचं तू घे."

धाकटी निघून गेली. भोंगा वाजला आणि माझं चाक फिरू लागलं.

मित्रांनो, थोरली आता रडते आहे. तिचा हात पाचरीवर आहे. उपटायला, की आणखी घट्ट बसवायला, ते मला कळत नाही. मागून मुकादम म्हणतोय, "चला, आटपा." मी जीव तोडून विनवतो आहे आणि ते कोणालाच ऐकू जात नाही. तुम्ही तरी ऐका. मला तेल देऊ नका, भंगारात घाला, पण आपल्या हाताने केलेलं माझ्या माथी मारू नका. मला थांबता येत नाही, तुम्हाला येतं. बाई गं, तुलाही येतं. काढ ती पाचर.