बक्कल लागेपर्यंत

मी एक जुने, बुटके स्टूल आहे. मित्रांनो, माझी उंची जेमतेम दीड वीत, आणि चार पायांपैकी एक जरासा आखूड. एका बालवाडीच्या खोलीत मी एकतीस वर्षे काम केले. त्यातला शेवटचा दिवस शुक्रवार होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या दिवशी मला क्षणभर स्वस्थता नव्हती. समोर भिंगरी होती. हजेरीपटावर तिचे काही दुसरे नाव असेल, पण साडेतीन वर्षांची ती मुलगी एका जागी कधी ठरतच नसे, म्हणून सगळी खोली तिला भिंगरीच म्हणे. तिला छोट्या किटलीतून पेल्यात पाणी ओतायचे होते. पाणी चटईवर गेले, तिच्या पायांवर गेले, माझ्याही पायांवर आले. पेला कोरडाच. बाई माझ्यावर बसल्या होत्या, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून. त्या नेहमी तशाच बसत. त्यांचा धीर सुटू लागला की त्या नकळत पुढे झुकत, आणि मग माझा आखूड पाय फरशीवर टक् करून वाजे. तो आवाज आला की बाई पुन्हा मागे सरकत. त्या सकाळी मी तीनदा वाजले. चौथ्या खेपेला अर्धा पेला भरला. भिंगरीने तो एका दमात पिऊन टाकला आणि ती पळाली. बाईंनी हात मोकळे केले. तळव्यांवर माझ्या फळीचे वळ उठले होते. कोणाला काय कधी जमले याची एक वही खिडकीशी दोऱ्याने टांगलेली असे; ती उघडून त्यांनी भिंगरीच्या पानावर तारीख लिहिली.

मुले गेल्यावर मावशींनी झाडण्यासाठी मला उचलून टेबलावर उलटे ठेवले. मावशी म्हणजे आमच्या मदतनीस. बाईंपेक्षा चार वर्षांनी मोठ्या, आणि बाईंना बोल लावायचा हक्क असलेल्या एकट्या. दारातून बाई म्हणाल्या की सोमवारी सुतारकाकांना या खिडकीची कडी दाखवायला हवी. मावशी म्हणाल्या, तुम्हीच सांगा, माझे कोण ऐकतो. बाई हसल्या आणि गेल्या.

रविवारी दुपारी, घरी, पेपर वाचता वाचता बाईंचे हृदय थांबले.

सोमवारी हे सांगायला मावशी आल्या. खोलीत सांगायला कोणीच नव्हते, म्हणून त्या जरा वेळ भिंतीला टेकून बसल्या आणि कुलूप लावून निघून गेल्या. पुढचे आठ दिवस मी टेबलावर तसेच होते, पाय वर करून. मित्रांनो, ज्याचा जन्म डुगडुगण्यात गेला त्याला हवेत पाय ठेवून निश्चल राहणे फार जड जाते.

माझा जन्म एका जुन्या दाराच्या फळीतून झाला. बाई तेव्हा तिशीच्या होत्या आणि बालवाडी नुकतीच सुरू झाली होती. त्यांनी सुतारकाकांना हाताने उंची दाखवली. काकांनी विचारले, यावर बसायचे की नुसते पाय ठेवायचे? बाई म्हणाल्या, बसायचे. माझे डोळे मुलांच्या डोळ्यांसमोर आले पाहिजेत, त्यांनी मान वर करून माझ्याशी बोलता कामा नये. काकांनी मला दोन दिवसांत उभे केले. घाईत एक पाय आखूड राहिला. ते ओशाळले आणि रंधा काढू लागले, पण बाईंनी बसून पाहिले, पुढे झुकल्या, मी वाजले, आणि त्यांनी काकांचा हात धरला. राहू द्या, म्हणाल्या, मला याची गरज आहे.

ती गरज मला हळूहळू कळली. बाईंचे मुख्य काम थांबण्याचे होते. बटण, नाडी, चेन, बक्कल, पाणी, मणी. लहान मूल एखाद्या गोष्टीशी झटत असते तेव्हा त्याच्या बोटांना आणि डोक्याला एकमेकांची ओळख होत असते, असे त्या म्हणत. मध्येच आपण हात घातला, तर ती ओळख अर्धीच राहते. दारापाशी खडूची एक रेघ असे. शाळा सुटली की आई, बाबा, आजोबा, जे कोणी न्यायला येतील त्यांनी रेघेपलीकडे थांबायचे आणि मुलाने आपले जोडे आपण चढवायचे. एक बाबा रोज घड्याळ बघत. ते एकदा म्हणाले, घरी मी हे दोन सेकंदांत करतो. बाई म्हणाल्या, म्हणूनच त्याला येत नाही. बाबा हसले, पण रेघेवर त्यांच्या पायांची चुळबूळ काही थांबली नाही.

मूल झटत असले की बाई त्याच्यासमोर मला ठेवून बसत. शब्द नाही, खाणाखुणा नाहीत. फक्त बघणे. ते बघणे कसे असे, हे मी तुम्हाला नीट सांगू शकत नाही. पण बाई समोर येऊन बसल्या की रडणारे मूलही पुन्हा हात चालवू लागे, एवढे मी पाहिले आहे. मग त्याचे जमले की बाई मान हलवत, उठत आणि मला उचलून पुढच्या मुलासमोर जात. खोलीत वीस मुले होती. दिवसभर आमची जागा बदलत राही.

तिसऱ्या वर्षी बाईंची स्वतःची लेक वर्गात आली. खोलीत आई म्हणायचे नाही, सगळ्यांसारखे बाई म्हणायचे, असे ठरले होते. तिने ते पाळले. फक्त तिला सँडलचे बक्कल लागेना. घरून निघताना घाईत बाबा लावून देत. शाळा सुटताना तिचे तिने लावायचे. बाकीची मुले दोन-तीन आठवड्यांत शिकली. ही महिना झाला, दोन झाले, तरी बाकावर बसून झटतच होती. मी समोर असे. मला तिची बोटे अगदी जवळून दिसत. पट्टा बक्कलात शिरे, टोक बाहेर येई, बक्कलाची सुई भोकाशी पोचे आणि नेमकी तिथून परत फिरे. बाईंचे हात माझ्यावर दाबलेले असत. त्या काळात मी जितके वाजले तितके नंतर कधीच वाजले नाही.

मावशींना ते बघवेना. त्या म्हणाल्या, "बाई, एकदा लावून टाका की. पोटची पोर आहे. कोण बघतंय?"

"मीच बघतेय ना," बाई म्हणाल्या.

"मग डोळे मिटा घटकाभर. मी लावते."

बाईंनी डोळे मिटले नाहीत. पण चौथ्या महिन्यात एका दुपारी खोली रिकामी झाली, बाहेर बाबा ताटकळले होते, आणि लेक अजून बाकावरच होती. बाई माझ्यावरून उठल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही बक्कले लावून दिली. लेकीने आधी आपल्या पायांकडे पाहिले, मग आईकडे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तिने दोन्ही सँडल स्वतः घातल्या. मला तिच्यासमोर नेऊन ठेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

त्यावरून बाईंनी जो अर्थ काढला तो त्यांच्याजवळ कायम राहिला. त्यांना वाटले, पोरीला एकदा कोणी करून दाखवण्याचीच गरज होती आणि आपण नियमाच्या हट्टापायी तिला चार महिने छळले. दरवर्षी शिकाऊ शिक्षिका येत, चटईवर बसून बाईंचे बोलणे वहीत उतरवून घेत. त्यांना बाई थांबण्याविषयी सगळे सांगत आणि शेवटी म्हणत, पण किती थांबायचे हे मलाही नेहमी कळले नाही, एका मुलीच्या बाबतीत मी चुकले. कोणाची मुलगी, असे कोणी विचारले तर म्हणत, माझीच. लेक मोठी झाल्यावर कधी मधी खोलीत येई, खिडकीशी उभी राही. तिने हे बोलणे दोनदा तरी ऐकले. दोन्ही वेळा ती बाहेर निघून गेली.

एकदाच त्या दोघींचे माझ्यासमोर वाजले. लेकीला दूरच्या शहरात नोकरी मिळाली होती. शाळा सुटल्यावर ती आली आणि टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत येरझारा घालत राहिली.

"तू एकदा तरी 'जाऊ नकोस' म्हणशील की नाही?"

"तुझं तुला ठरवता येतं," बाई म्हणाल्या. त्या माझ्यावरच बसल्या होत्या.

"हेच. जन्मभर हेच. वीस पोरांत एकविसावी. साधं बक्कल लावायला चार महिने बसवून ठेवलंस मला."

बाई म्हणाल्या, "ते चुकलंच माझं." त्यांनी हे शांतपणे सांगितले. मी वाजले नाही. लेक थांबली. तिचे तोंड उघडले होते, काहीतरी बाहेर येणार असे मला वाटले. पण तिने पिशवी खांद्याला लावली, बसची वेळ झाल्याचे सांगितले आणि ती गेली. पुढे ती सुटीत येत राहिली, फोनही रोजचा असे, असे मावशींच्या बोलण्यातून कळे. त्या दिवसाचा विषय मात्र माझ्यासमोर पुन्हा निघाला नाही.

आता बाई नाहीत. नव्या बाई आल्या आहेत. त्या मनाने चांगल्या आहेत, गाणी छान म्हणतात, पण त्यांना मागे वळून पाहायला वेळ नसतो. त्या खुर्चीवर बसतात. माझा आवाज त्यांना खटकला, म्हणून त्यांनी कागदाची घडी करून माझ्या आखूड पायाखाली सरकवली. मी आता वाजत नाही. कोपऱ्यात असते, माझ्यावर ओल्या फडक्यांची बादली असते. एकदा भिंगरी किटली घेऊन आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि वाट बघत राहिली. मग तिने पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतले आणि निघून गेली.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. रंग नको, नवी फळी नको. कधी या खोलीत आलात तर बादली उतरवा, ती कागदाची घडी काढा आणि कोणी लहान मूल धडपडत असेल तर त्याच्यासमोर जरा वेळ माझ्यावर बसा. तुम्हाला अवघडल्यासारखे होईल, गुडघे हनुवटीला लागतील. तरी बसा.

गेल्या शनिवारी लेक आली. बाईंच्या वस्तू न्यायच्या होत्या. तिने कपाट उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. मण्यांच्या बरण्या एका फळीवरून दुसऱ्या फळीवर मांडल्या आणि परत होत्या तिथेच ठेवल्या. मावशी म्हणाल्या, अगं जरा टेक, सकाळपासून उभीच आहेस. ती नको म्हणाली आणि खिडकीची कडी उगाच वर-खाली करत राहिली. मावशींनी जुन्या वह्यांचा गठ्ठा तिच्या हातात दिला आणि त्या फडकी वाळत घालायला अंगणात गेल्या.

लेकीने उभ्यानेच पाने उलटली. तिच्या वर्षाची वही सापडायला वेळ लागला नाही. बाईंचे अक्षर बारीक. लेकीचे पान सगळ्यांत लांब होते. तारखेमागून तारीख आणि प्रत्येकीपुढे 'अजून नाही'. शेवटची ओळ तिने पुटपुटत वाचली म्हणून मला कळली. 'आज मीच लावून दिले. पोरीला उगाच रडकुंडीला आणले. हे आधीच करायला हवे होते.' त्याच्याखाली, वेगळ्या शाईत, कितीतरी वर्षांनंतर लिहिल्यासारखे, एक वाक्य होते. 'तिला कधीतरी विचारायला हवे.'

तिने वही मिटली. बादली उतरवून खाली ठेवली, माझ्या पायाखालची घडी काढली आणि ती माझ्यावर बसली. बाहेर मावशींचे फडके पिळणे चालू होते. समोर मुलांचा बाक होता, रिकामा. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि पुढे झुकली तेव्हा मी वाजले.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "मला ते दुसऱ्याच आठवड्यात यायला लागलं होतं. पण लागलं की तू उठून दुसऱ्या मुलाकडे जायचीस. म्हणून मी लावत नव्हते. तुझं काहीच चुकलं नव्हतं गं."