दुतोंडी शब्दांचा डबा

मी बिस्किटांचा एक जुना डबा आहे, मित्रांनो. माझ्याजवळ सांगण्यासारखे फार काही आहे, असे मला स्वतःला वाटत नाही. झाकणावरचे दीपगृह निम्मे खरवडले गेले आहे, एका कडेला गंज चढला आहे आणि मधोमध अंगठ्याएवढा खड्डा आहे. जो तो मला उचलतो, खड्डा पाहतो आणि परत ठेवून देतो. तो खड्डा कसा पडला, एवढे मात्र मला सांगितलेच पाहिजे.

एका नाताळात आल्याच्या बिस्किटांनी भरून मी इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरात विल्फ कॅमॅकच्या घरी आलो. बिस्किटे आठवडाभरात संपली. मग विल्फच्या बायकोने, एनिडने, माझ्यात बटणे ठेवली. विल्फने तीस वर्षे मासेमारीच्या जहाजांवर काढली होती. आता तो धक्क्यावर बसून जाळी दुरुस्त करी. फाटलेले जाळे तो डोळे मिटून विणू शके. पण त्याला वाचता येत नव्हते. ही गोष्ट एनिडखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती.

दर जानेवारीत धक्क्याजवळच्या चॅपलमध्ये समुद्राने नेलेल्या माणसांसाठी प्रार्थना होई. बुडालेल्यांची नावे आणि प्रार्थनेच्या ओळी असलेला एक कागद वाचला जाई, आणि तो बुडालेल्यांपैकी कुणाच्या तरी घरच्याने वाचायचा अशी रीत होती. त्या कागदावर विल्फच्या थोरल्या भावाचे, लेनचेही नाव होते. दरवर्षी विल्फला विचारले जाई आणि दरवर्षी तो म्हणे, चष्मा घरी राहिला.

एका वर्षी परत येताना एनिड म्हणाली, "आज चष्मा तुझ्या कपाळावर होता, विल्फ."

दोघेही हसले. मग कुणीच हसले नाही. घरी आल्यावर विल्फने बटणे खणात ओतली आणि मला पुसून घेतले. पुढच्या जानेवारीत लेनचे नाव आपणच वाचायचे, असे त्याने ठरवले होते.

दर मंगळवारी चहानंतर तो मला काखेत मारून ग्रंथालयावरच्या खोलीत जाऊ लागला. तिथे रडकिनबाई मोठ्या माणसांना वाचायला शिकवत. वयाने त्या त्याच्या मुलीएवढ्या होत्या. पण तो त्यांना 'बाई'च म्हणे. खोक्यांचा पुठ्ठा कापून त्या एकेका तुकड्यावर एकेक शब्द लिहीत. हे तुकडे माझ्या पोटात राहत. बाईंचा नियम एकच होता: कुणी अडखळला तर बाकीच्यांनी गप्प बसायचे, शब्द सांगायचा नाही.

सहा महिन्यांत विल्फ वर्तमानपत्राचे मथळे वाचू लागला. मग इंग्रजीतले ते शब्द आले, ज्यांना तो 'दुतोंडे' म्हणे. अक्षरे तीच, पण वारा असेल तर 'विंड' आणि दोर गुंडाळायचा असेल तर 'वाइंड'. शिसे असेल तर 'लेड' आणि वाट दाखवायची असेल तर 'लीड'. तुमच्याही भाषेत 'जरा थांब' मधली जरा आणि म्हातारपणाची जरा एकसारखीच लिहितात, पण वेगळी उच्चारतात म्हणे. तेव्हा हे तुम्हाला समजेल. विल्फला मात्र प्रत्येक शब्द आधी धंद्यातलाच दिसे. एका तुकड्याने तर त्याला कित्येक आठवडे छळले. 'टिअर' म्हणजे अश्रू आणि 'टेअर' म्हणजे फाटणे. जाळी विणणारा माणूस. त्याच्या तोंडून दर वेळी 'टेअर'च निघे.

"बाई, शब्दाने आधी एकच काय ते ठरवावं ना," तो वैतागून म्हणाला.

बाईंनी त्याला विचारले, धुक्यात अनोळखी किनाऱ्याला जहाज कसे नेता? विल्फने सांगितले की त्याचे वडील दोराला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडत, खोली मापत, मगच पुढे जात. बोलता बोलता तो थांबला. त्याने समोरचे वाक्य बोटाने शेवटपर्यंत मापले, तोंड न उघडता. मग पहिल्या शब्दाकडे परत येऊन वाचले. त्या दिवशी तो चुकला नाही.

घरी मग रोज ताटे उचलली की सराव चाले. एनिड मला मांडीवर घेऊन एकेक तुकडा काढी. तिला शब्द सांगायचा मोह आवरत नसे आणि विल्फ तिला दटावी, "गोळा माझा, दोर माझा. तू फक्त बोटीत बस."

जानेवारी आला. एनिड मला मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसली. विल्फ उभा राहिला, तेव्हा मागून कुणीतरी खोकत म्हणाले, "चष्मा आणलास ना रे?" थोडे हसू उमटले. विल्फने चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाचू लागला. सारे ठीक चालले होते. लेनचे नाव त्याने स्वच्छ वाचले. पण नाव उच्चारताच त्याचा आवाज हलला, मापायचे राहून गेले आणि पुढच्या ओळीत आईच्या डोळ्यातल्या थेंबाच्या जागी त्याने जाळ्याचे फाटणे वाचले.

चूक सगळ्यांनाच कळली होती. पाद्री शब्द सांगायला पुढे वाकले. एनिडला तो शब्द तोंडपाठ होता. तिचे ओठ उघडले आणि मिटले. तिने अंगठा माझ्या झाकणावर असा दाबला की पत्रा आत गेला. पण ती बोलली नाही.

विल्फने पाद्रींना हात करून थांबवले.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "परत वाचतो."

त्याने बोट ओळीच्या शेवटापर्यंत नेले. सावकाश, घाई न करता. मग आधीच्या ओळीवर आला, लेनचे नाव पुन्हा घेतले आणि चुकलेली ओळ अश्रूसकट बरोबर वाचली. त्या वर्षी लेनचे नाव चॅपलमध्ये दोनदा घेतले गेले.

आता विल्फ नाही, एनिडही नाही. मी ग्रंथालयाच्या फडताळात असतो आणि पुठ्ठ्याचे तुकडे अजून माझ्या पोटात आहेत. मला टाकू नका, एवढे मागण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. पण मित्रांनो, तुमच्यासमोर कुणी वाचताना अडखळला, तर त्याचा शब्द त्याच्याकडून काढून घेऊ नका. तो मापतो आहे. फारच राहवले नाही, तर हाताशी असेल त्या डब्याच्या झाकणावर अंगठा दाबा. खड्डा पडला तर पडू द्या.