चारही चाकं वळणारी गाडी

डॉक्टर दातांचे. लोकांच्या दुखऱ्या दाढा चुटकीसरशी काढायचे, पण स्वतःच्या लाल स्पोर्ट्स कारची दुखरी दाढ काढायची म्हटलं की त्यांच्या अगदी जिवावर यायचं. या गाडीची पुढची चाकं वळली की मागचीही जराशी वळायची. तशी गाडी अख्ख्या गावात दुसरी नव्हती, आणि हे ज्याला ऐकवलं नाही असा माणूसही गावात उरला नव्हता. खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटला तर ऐकण्यावाचून इलाजच नसायचा.

बायकोचं ड्रायव्हिंग स्कूल. अर्ध्या गावाला तिने गाडी शिकवली, पण या गाडीची किल्ली काही तिला मिळाली नाही. "मागच्या चाकांची सवय लागते गं," डॉक्टर म्हणायचे.

आता गाडी म्हातारी झाली होती. मागची चाकं लहर लागेल तेव्हा वळायची, नाहीतर रुसून बसायची. डॉक्टर वळणाआधी स्टिअरिंगला उलटा हिसका देऊन त्यांची समजूत काढत. अशात एकदा बेकरीच्या वळणावर गाडीचं बूड असं काही सरकलं, की बेकरीवाला हातातला ट्रे टाकून आत पळाला. शेजारी बसलेली बायको उतरली, दार हळूच लावलं आणि म्हणाली, "अहो, मागची चाकं तुमचं ऐकायला लागली की बोलवा मला." आणि चालत घरी गेली.

तेव्हापासून शेजारची सीट रिकामी. डॉक्टर रविवारी एकटेच नदीपर्यंत जाऊन येत. कशात म्हणून राम नव्हता. चिमटे काढायला कोणी नाही, "हळू, हळू" करायला कोणी नाही. ती नसेल तर ही गाडी हवी कशाला, असं एकदा त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी मुकाट्याने मेव्हण्याचं गॅरेज गाठलं.

"या भावोजी! चारही चाकं वळतात ना?"

"वळतात. आपापल्या मर्जीने."

"मग काढूनच टाकू. हिचे सुटे भाग मिळायचे बंद होऊन जमाना झाला. मागची चाकं वळवणारी रॅक काढायची, तेलाच्या नळ्यांची तोंडं बंद करायची आणि दोन पक्के दांडे बसवायचे. चाकं सरळ राहतील, जगातल्या बाकी गाड्यांसारखी."

'बाकी गाड्यांसारखी' हे डॉक्टरांना फार लागलं.

बोल्ट गंजून घट्ट बसलेले. तेल सोडलं, ठोकलं, शिव्याही घालून झाल्या. "भावोजी, भूल देऊन बघता का?" मेव्हणा गाडीखालून ओरडला. शेवटी एकदाची रॅक तेल गाळत बाहेर आली. डॉक्टर तिच्याकडे असे बघत राहिले, की मेव्हण्याने विचारलं, "कापसात गुंडाळून देऊ का घरी न्यायला?"

दांडे बसले, चाकं सरळ करून झाली. डॉक्टरांनी ऐटीत घराच्या फाटकापाशी हॉर्न वाजवला. बायको आली, वाकून मागची चाकं बघितली आणि बसली. "बेकरीपर्यंतच हं."

डॉक्टरांनी वळताना सवयीने स्टिअरिंगला उलटा हिसका दिला. गाडी आता आज्ञाधारक झालेली. सांगितलं तिकडे निमूट गेली, आणि फाटकाजवळच्या कुंडीचा चक्काचूर झाला.

बायको हसून हसून बेजार. "गाडीतलं काढलंत, हातातलं राहिलंच की! सरका. किल्ली द्या."

आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टर शेजारच्या सीटवर बसले. गाडी लोण्यासारखी निघाली. बेकरीचं वळण दिसलं तसं त्यांनी दाराचं हँडल गच्च धरलं. हँडलवरचं चामडं पार झिजलेलं होतं. चार बोटं जिथे बसतात नेमकं तिथे खड्डे पडले होते, शिवण उसवली होती. ज्या बोटांनी ते पाडले ती लहान होती. त्यांची नव्हती.

डॉक्टरांना एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, इतकी वर्षं... बोलली का नाहीस?"

"बोलत होते की. 'हळू, हळू' म्हणजे काय गाणं म्हणत होते?"

डॉक्टरांनी हँडल अजून धरूनच ठेवलं होतं.

"सोडा आता ते हँडल," ती म्हणाली. "बेकरी गेली मागे."

त्यांनी सोडलं. ती थांबली नाही, गाडी नदीकडेच घेतली. पुढचं वळण आलं तसा त्यांचा हात आपोआप पुन्हा हँडलवर गेला. तिने तो पाहिला, आणि गाडी हळू केली.