सगुणाच्या आजाराचे पेढे

आजार निघाला म्हणून पेढे वाटणारी बाई कधी पाहिलीय? ठाकुर्लीच्या खाडीकाठच्या सगुणा कोळणीने वाटले, एक्क्याण्णव साली, तेही खिदळत.

झालं असं, की सगुणाचं अंगावरून जाणं चार महिने थांबायचं नाव घेईना. वय अठ्ठेचाळीस. आणि सासू रंगूबाई म्हणजे विटाळाच्या बाबतीत फौजदार! पाळी आली की बाई पडवीत, कशाला शिवायचं नाही. त्यात सगुणाच्या एकुलत्या लेकीचं, रतनचं लग्न आलं. हळदीला पहिला हात आईचा. पण बाहेर बसलेल्या बाईचा हात कसा चालणार? रंगूबाईने तो मान धाकट्या सुनेला, लक्ष्मीला देऊन टाकला. लक्ष्मीने लगेच नवी साडी घेतली, मेलीने! सगुणा आधी रडली, मग चिडली, मग तडक ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट हळदीच्या आदल्या दिवशी आला. तो ऐकायला रंगूबाई जातीने सोबत गेली, कारण दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की अस्तरातल्या पेशी नको तितक्या वाढल्यात, अस्तर जाड झालंय, म्हणून रक्त जातंय. कॅन्सर नाही. काही महिने गोळ्या घ्यायच्या, मग पुन्हा तपासायचं.

रंगूबाई खुर्चीच्या टोकावर सरकली. "म्हणजे ही पाळी नाय?"

"नाही आजी. हा आजार आहे."

तिने तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर आलं. घरी पोचताच म्हातारीने सगळ्यांना अंगणात बोलावून निकाल दिला, की आजाराला विटाळ नसतो. तापाच्या बाईला कुणी पडवीत बसवतं का? लक्ष्मीचं तोंड एवढंसं झालं. सगुणा मात्र आनंदाने वेडीच झाली. रिपोर्ट देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पेढे आणायला स्वतः पळाली.

दुसऱ्या दिवशी तिने रतनला अशी हळद फासली, की पोरीचे डोळे तेवढे दिसत होते. बेंजो सुरू झाला तशी नाचली, पायात गोळे येईपर्यंत नाचली. दम खायला सासूजवळ टेकली, तर म्हातारी पदराने डोळे पुसत होती.

"माझ्या लेकीची हळद मी पडवीतनं बघितली गो," रंगूबाई म्हणाली. "मलापण असंच महिना महिना जायचं. कुणी डॉक्टर नाय दाखवला."

सगुणाने हळदीचं ताट ओढलं, सासूचे दोन्ही हात धरून त्यात बुडवले आणि तिला रतनसमोर नेऊन बसवलं.