चार इयत्तांचे चार गुरुजी

"गुरुजी, भिंत कौलाला भिडवू का तुळईवर थांबवू?" गेनबा गवंड्यानं परांचीवरून खाली वाकून विचारलं.

"भिडव की," चिमाजी गुरुजी म्हणाले. "एका वर्गाचा आवाज दुसऱ्यात जायला नको. त्यासाठीच तर एवढा खटाटोप चाललाय."

शाळेला पहिल्यांदाच स्वतःची इमारत मिळत होती. आजूबाजूच्या वाड्यांची पोरं येऊ लागल्यापासून पट फुगला होता. आता चार इयत्तांना चार खोल्या होणार होत्या, आणि दिवाळीची सुट्टी संपली की गुरुजींच्या जोडीला आणखी तीन शिक्षक येणार होते. गुरुजींकडे फक्त चौथी राहणार होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत एका वेळी एकच वर्ग शिकवायचं सुख त्यांना कधी मिळालं नव्हतं, आणि ते मिळणार म्हणून ते खुशीतही होते.

त्या खुशीवर सरपंच सर्जेरावांनी विरजण घातलं. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण चार माणसं जमली की त्यांच्या जिभेला चेव येई. बांधकाम बघायला आलेल्या मंडळींपुढं ते म्हणाले, "इतकी वर्सं आमच्या पोरांला पाव गुरुजी मिळत हुता. आता अख्खा मिळंल." सगळे हसले. गुरुजीही हसले. पण घरी येऊन जेवायला बसले तरी ते बोलणं काही मनातून जाईना. हिशेब तर चोख होता. एक गुरुजी, चार इयत्ता. म्हणजे आजवर हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराला आपण पावच वाढलं. बायकोनं, ठकुबाईनं, भात पुन्हा वाढू का विचारलं तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

जुनी शाळा म्हणजे चावडीला लागून असलेली एक लांबोडकी खोली. दर सोमवारी पोरी जमीन सारवायच्या, आणि ती वाळली की गुरुजी गुडघ्यावर बसून खडूनं रेघा ओढायचे. चार चौकोन, चार इयत्ता. रेघ ही भिंतच आहे असं धरून चालायचं, हा शाळेचा पहिला नियम. पलीकडच्याशी बोलायचं नाही, पलीकडची पेन्सिल मागायची नाही, पलीकडं कोणी रडलं तरी आपलं काम सोडायचं नाही.

एकदा गावातल्या कोणीतरी सुचवलं होतं, की पारूबाईच्या अंजनासाठी आणि बौद्ध वस्तीतल्या बाकी पोरांसाठी कोपऱ्यात आणखी एक रेघ असावी. गुरुजींनी खडू त्याच्यापुढं धरला. म्हणाले, ओढायची तर तुम्हीच ओढा, माझ्या हाताला इयत्तेशिवाय दुसरी रेघ येत नाही. खडू कोणी घेतला नाही, आणि तो विषय तिथंच मिटला.

रेघांच्या आत गुरुजींचा कारभार बघण्यासारखा असायचा. चौथीला गणितं घालून द्यायची, ती डोकं खाजवत बसली की तिसरीला शुद्धलेखन सांगायचं, ती लिहायला लागली की दुसरीचे पाढे घ्यायचे, आणि दुसरी घोकतेय तोवर पहिलीजवळ मांडी घालून अक्षरं गिरवून घ्यायची. पहिलीशी ते बसून आणि मऊ बोलत, चौथीशी उभ्यानं आणि करड्या आवाजात. एकाच घरातल्या दोन भावंडांची त्यावरून भांडणं होत. धाकटा म्हणे, आमचे गुरुजी कधी रागवत नाहीत. थोरला म्हणे, आमचे बघ येऊन एकदा.

याची कमाल झाली ती दिपोटी साहेब तपासणीला आले तेव्हा. साहेबांनी पहिलीतल्या अंजनाला सहज विचारलं, तुमच्या शाळेत गुरुजी किती. पोरगी ठामपणे म्हणाली, चार. साहेब चमकले. हजेरीपटावर तर एकच नाव होतं. बाकीचे तिघं कुठं आहेत म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आत्ता हितं आमचं हायेत. बाकीचं त्येंची त्येंची पाळी आली की येत्यात." साहेब पोट धरून हसले आणि शेऱ्यात चांगले चार शब्द लिहून गेले. गुरुजींना मात्र घाम फुटला होता.

हीच अंजना पुढं दुसरीत गेली आणि तिनं शाळेचा पहिला नियम मोडला. गुरुजी चौथीला भूगोल विचारत होते, भाटघरच्या धरणात पाणी कुठल्या नदीचं. चौथी छताकडं बघत बसली, आणि दोन रेघा ओलांडून आवाज आला, "येळवंडीचं." गुरुजी रागावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं, तर तिनं भिंतीकडं तोंड करूनच उत्तर दिलं. कानाला कोण रेघ ओढणार? शेवटी गुरुजींनी नाद सोडला. ती चौथीत आली तोवर चौथीचं सगळं तिला येत होतं, आणि गुरुजींनी वस्तीवर जाऊन पारूबाईला सांगितलं होतं, काही झालं तरी हिची शाळा थांबवू नका.

पारूबाईनं थांबवली नाही. अंजना भोरला मॅट्रिक झाली, पुण्याला वसतिगृहात राहून बी. एस्सी. झाली आणि तिथल्याच एका कचेरीत कॉम्प्युटर नावाच्या यंत्रावर लागली. हे यंत्र काय करतं ते गावात कोणालाच माहीत नव्हतं. पगार बिलं छापतं एवढं सर्जेराव सांगत.

ती भात कापणीला आईच्या मदतीसाठी म्हणून रजा काढून आली, नसरापूरला एसटी बदलून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापणीवरून परतताना गुरुजींच्या घरी डोकावली. ठकुबाईनं तिला पडवीत बसवून चहा दिला, चकल्या पुढं ठेवल्या. नव्या शाळेचं कौतुक झालं, खोल्या झाल्या, येणारे शिक्षक झाले. मग गुरुजींनी जे चार दिवस मनात दाबून ठेवलं होतं ते एकदम बाहेर आलं.

"अंजना, खरं सांग. तुला पाव गुरुजी मिळाला का गं?"

तिला आधी कळेना. सर्जेरावांचं बोलणं सांगितल्यावर कळलं. तिनं कप खाली ठेवला.

मग तिनं तिच्या यंत्राची गोष्ट काढली. गुरुजींना वाटलं, पोरगी विषय बदलतेय. कचेरीतल्या लोकांना नुकतंच एक शिक्षण दिलं होतं, ती सांगत होती. कॉम्प्युटर खोलीएवढा असतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसेल. प्रत्येकाला वेगळा कुठून आणायचा? म्हणून परदेशात आता एक युक्ती करतात. यंत्र एकच, पण त्याच्यात सगळ्यांच्या वर असा एक प्रोग्राम बसवतात. तो त्या एका यंत्राची चार यंत्रं करून दाखवतो. खरी नव्हेत, नुसती मानलेली. प्रत्येकाला त्यातली थोडी जागा ठरवून देतो आणि पाळीपाळीनं यंत्राचा वेळ देतो. एकाचं यंत्र काही कारणानं बंद पडलं तरी बाकीच्यांची चालूच राहतात. आणि बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, अख्खं यंत्र माझं एकट्याचं आहे.

"पण वेळ तर वाटलाच गेला ना," गुरुजी म्हणाले. "पावच आला वाट्याला."

अंजना म्हणाली, आम्हीही शिकवणाऱ्या साहेबांना हेच विचारलं. तर ते म्हणाले, एकट्या माणसाच्या हाती यंत्र दिलं तरी बहुतेक वेळ ते रिकामंच बसतं. माणूस विचार करतो, कागद बघतो, चुकलेलं शोधतो. तो रिकामा वेळ दुसऱ्याला दिला तर पहिल्याचं काहीच जात नाही. "आमी गणितं सोडवत हुतो तवा तुमी आमच्याजवळ उभं राहून काय केलं असतं, गुरुजी?"

गुरुजींना हसू आलं. "आणि चौघांनी एकदमच हाक मारली तर?"

"मग समद्यांचंच हळू चालतं. परीक्षेच्या आधी आपलं व्हायचं तसं." तीही हसली. "शिक्षणाला बसलेल्या बाकीच्यांला ते समजंना. मी त्यांना आपली शाळा सांगितली, रेघांसकट. दिपोटी साहेबाला मी काय म्हणले तेही सांगितलं. तवापास्नं आमी त्या वरच्या प्रोग्रामला गुरुजीच म्हणतो."

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उगाचच झटकली. ठकुबाई आतून बघत होती.

अंजना पुढं म्हणाली, "एक मात्र हाय. त्या यंत्रात एकाचं दुसऱ्याला कळता कामा नये. थेंबभरसुद्धा गळती चालत न्हाई, साहेब म्हणाले, न्हाईतर सगळं फुकट. आपल्या शाळेची तेवढी खोट हुती बघा." ती उठली, पदर खोचला. "त्या गळतीवरच तर मी पुण्याला गेले."

ती बांधावरून दिसेनाशी झाली तरी गुरुजी पडवीतच बसून होते. मग ठकुबाईनं विचारायच्या आत तेच म्हणाले, भात उरलाय का थोडा?

सकाळी ते नव्या शाळेवर गेले. गेनबा विटा भिजवत होता. पहिली भिंत तुळईच्या वर दोन थर चढली होती.

"गेनबा, तुळईवर थांबव. चढलेले थर उतरव."

"आनि आवाज?"

"येऊ दे."

गेनबानं कपाळाला हात लावला. विटा उरल्या म्हणून सर्जेराव कुरकुरले, तेव्हा गुरुजींनी त्यांना हवा खेळती राहते असं पटवलं. सरपंचांनी ते पुढं चार जणांना स्वतःचं म्हणून सांगितलं.

सुट्टी संपली. गुरुजी चौथीच्या खोलीत उभे राहिले. जमीन शहाबादी फरशीची होती, रेघेची गरज नव्हती. त्यांनी गणितं घातली, पोरांनी पाट्यांत डोकी घातली, आणि गुरुजी सवयीनं डावीकडं वळले. तिथं तिसरी असायची. आता भिंत होती, नवा चुना दिलेली. हातात काही काम नाही अशी ती घटका त्यांना फार लांब वाटली. पलीकडून तिसरीच्या नव्या गुरुजींचं शुद्धलेखन चाललं होतं, आणि त्याच्याही पलीकडून दुसरीचे पाढे.

भूगोलाचा तास आला. भाटघरच्या धरणात पाणी कुठल्या नदीचं, गुरुजींनी विचारलं. चौथी छताकडं बघत राहिली.

"येळवंडीचं," दोन भिंतींवरून बारीक आवाज आला.

दुसरीच्या नव्या बाई म्हणाल्या, "तुला कोणी विचारलं? इकडं बघ, पाढा म्हण."

गुरुजींनी टोपी सारखी केली, भिंतीच्या थोडं जवळ सरकले आणि पुढचा प्रश्न जरा मोठ्यानं विचारला.